कात्री न लावलेली गोधडी

गोपिका उमरेडच्या बसमधून उतरली ती गाठोडं छातीशी धरूनच. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मांग ठेवून देतो." तर त्याच्यावरच कडाडली, "हात नको लावू गा! माह्या मायचं लुगडं आहे त्यात." मावशींची माय जाऊन किती वर्षं झाली हे त्याला काय माहीत. त्याने टोपी काढून गाठोड्याला नमस्कार केला आणि लकडगंजापर्यंत रिक्षा इतकी हळू चालवली, की मे महिन्याचं ऊन गोपिकेच्या टाळूतून थेट टाचांपर्यंत पोचलं.

दार कौशल्येने उघडलं.

"आली का वं?"

"आली."

"ऊन आहे."

"आहेच."

संजीवच्या लग्नात मानाची साडी आधी कोणाला दिली, यावरून या नणंद-भावजयीत जे झालं होतं, ते संजीवच्या डोक्यावरचे केस विरळ झाले तरी संपलं नव्हतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी हवामान खात्यासारख्या बोलत. ऊन, पाऊस, थंडी. त्यापलीकडे काही सांगायचं असेल तर मध्ये कोणीतरी लागे, आणि हल्ली ते कोणीतरी म्हणजे संजीवची बायको मिनल.

पण या वेळी गोपिकेला बोलावणं संजीवने केलं होतं, कारण घरात दुसरा उपाय उरला नव्हता. मनोहररावांनी, म्हणजे कौशल्येच्या नवऱ्याने आणि गोपिकेच्या थोरल्या भावाने, जाहीर केलं होतं की कॅन्सरचा दुसरा केमो आपण घेणार नाही. आज शनिवार. जायचं होतं सोमवारी. कारण विचारलं की एकच उत्तर, "तिथं एसीत हाडं गारठतात आन् त्यायची चादर बोचते. मले नाही जमत."

डॉक्टरांनी कौशल्येला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पहिल्या औषधाचा चांगला गुण आलाय. आता मध्येच सोडलं तर आलेला गुण जाईल." हे वाक्य तिने पदराच्या गाठीत बांधल्यासारखं जपलं होतं. तिची भीती वेगळीच होती. हा माणूस बोलला की बोलला. संजीव पाळण्यात होता तेव्हा एकदा वांग्याच्या भाजीत अळी निघाली आणि हे ताटावरून उठत म्हणाले, "आजपासून वांगं बंद." आता संजीवला चाळिशीचा चष्मा लागलाय. वांगं अजून बंद आहे.

संजीवचं टाइल्सचं दुकान. प्रत्येक अडचणीवर बाजारात काहीतरी मिळतं असा त्याचा विश्वास. त्याने विजेवर तापणारं ब्लँकेट मागवलं. कूलर चालू, त्यात ते ब्लँकेट लावलं, आणि खालच्या मजल्यावरच्या पार्वतीबाईंच्या फ्रीजसकट सगळी वीज गेली. मनोहरराव अंधारात म्हणाले, "तिथं सलाईनच्या नळ्या राहतात. त्यात हे लावशील तर मी आजाराआधी शॉक लागून जाईन."

शेवटी गोपिकेनेच फोनवर सांगितलं होतं, "गोधडी काहून नाही शिवत?"

*

या घरात कोणी आजारी पडलं की गोधडी शिवायची, ही रीत तांडापेठेत घरचे हातमाग चालत त्या दिवसांपासूनची. संजीवला टायफॉइड झाला तेव्हा शिवली. गोपिकेच्या नवऱ्याचा खाणीत पाय मोडला तेव्हा शिवून उमरेडला पाठवली. आणि ज्या वर्षी हातमाग बंद पडले, त्या वर्षी तर घरात कोणाला साधी सर्दीही नव्हती, तरी मनोहररावांच्या आई पावसाळाभर गोधडी शिवत बसल्या होत्या. कौशल्येने सासूला भीत भीत विचारलं होतं, "मामी, कोणासाठी?" त्या म्हणाल्या, "मागासाठी." आणि खरंच, शिवून झाल्यावर ती रिकाम्या मागावर घालून ठेवली. हसावं की रडावं ते कौशल्येला तेव्हा कळलं नव्हतं. मनोहरराव लकडगंजात लाकूड चिरायच्या आरामशीनवर लाकडं मोजायला लागले तेव्हा कुठे ती गोधडी खाली आली.

गोधडीचा एक नियम मात्र सगळ्यांनी पाळला. हातमागाच्या कापडाला कात्री लावायची नाही. विणकर कापड मागावरून उतरवतो तेव्हा एकदा काय ती कात्री लागते. त्यानंतर ते जुनं होऊन आपोआप विरेल, पण माणसाने कापायचं नाही. पूर्वी याची अडचण नव्हती. एक लुगडं घ्यायचं, अख्खंच घड्या घालून अंथरायचं, वरून धावदोरा. झाली गोधडी.

अडचण आता आली, कारण लुगडी दोन होती.

गोपिकेने गाठोडं सोडलं. आईचं करवती काठाचं लुगडं, काठावर करवतीसारखे दात, मनोहररावांनी स्वतः विणलेलं. कौशल्या आत गेली आणि कपाटातून तिचं लग्नातलं लुगडं घेऊन आली. तेही करवतीच, तेही त्यांनीच विणलेलं. दोघींनी आपापलं लुगडं सतरंजीवर पसरलं. गळ्याशी कोणाचा पदर येणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तो तिथे येऊन बसला.

"मिनल," गोपिका म्हणाली, "तुह्या सासूले सांग, आईचा पदर गळ्याशी राहते. आजाऱ्याले मायच लागते."

"मिनल," कौशल्या म्हणाली, "आत्याले सांग, गेल्या महिन्यात ह्यायच्या उलट्या मायने नाही धुतल्या."

"सांग तिले, आईच्या लुगड्याच्या सुताच्या कांड्या मी भरल्या. फ्रॉक घालत होती मी तेव्हा."

"सांग, म्हणूनच त्याचा काठ एका बाजूने ओढला आहे."

मिनल नरखेडकडच्या संत्रावाल्यांची पोर. तिच्या माहेरी चांगल्या कापडाला कापड म्हणत आणि फाटक्या कापडाने मोटारसायकल पुसत. ती म्हणाली, "मी काय म्हणते, अर्धा गळा आजीचा, अर्धा गळा आईंचा. दोन्ही लुगडी शेजारी-शेजारी."

निकाल दोघींना मान्य झाला आणि त्यातूनच पुढचा सगळा घोळ झाला.

कारण गोपिकेला वाटलं, वहिनीची बाजू जाड दिसते. तिने आपल्या बाजूला वडिलांचं धोतर घातलं. कौशल्येने लगेच एक साडी घातली. गोपिकेने अंगावरची शाल काढून मध्ये सरकवली. शाल ती उन्हात का घेऊन आली होती, हे देव जाणे. कौशल्येने संजीवच्या लहानपणीची दुपटी आणली. गोपिका म्हणाली, "मिनल, तुह्याकडे जुनं परकराचं कापड आहे का?" मिनल म्हणाली, "आत्या, मी तर सासूकडची, विरुद्ध पक्षाकडून कापड काहून मागून राहिल्या?" कापायचं काहीच नव्हतं. नुसतं घालत जायचं होतं. त्या घालत गेल्या.

साधी सुई पहिल्याच टाक्याला मोडली. मग पोत्याचं दाभण आलं. दाभण आत जायचं पण बाहेर येईना, म्हणून संजीवची पक्कड आली. एका टोकाला कौशल्या, दुसऱ्या टोकाला गोपिका, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि दोघी घामाने निथळत गादीएवढ्या जाड ढिगात दाभण ठोकतायत, पकडीने ओढतायत. रविवारी सकाळी दुधवाला दारात आला, आत डोकावून मिनलला हळूच म्हणाला, "ताई, सोफा बनवून राहिल्या का?"

*

रविवारी दुपारी गोधडी तयार झाली. ती उचलायला संजीव आणि मिनल दोघं लागली. संजीवने मधून धरली तेव्हा त्याच्या कमरेत काहीतरी कट्कन वाजलं.

मनोहरराव पलंगावर पडून होते. त्यांनी दारातून ते येताना पाहिलं आणि पाय जवळ घेतले.

गोधडी त्यांच्यावर उतरली. पलंग करकरला. मग आतून आवाज आला, "मले पुरून राहिले का?"

"दादा, ऊब आली का?"

"आली."

"अहो, कोणीकडून जास्त येते? डावीकडून का उजवीकडून?"

डावीकडे बायकोचं लुगडं होतं, उजवीकडे आईचं. पलंगाशी दोघी उभ्या, एक उशाशी, एक पायथ्याशी, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारख्या. मनोहररावांनी छताकडे पाहिलं.

त्यांना जे होत होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या औषधानंतर त्यांची कातडी पोपटी पानासारखी कोवळी झाली होती. शर्टाची कॉलर लागायची. टॉवेल लागायचा. दाढी करायची त्यांना धास्ती वाटायची. आणि आता गळ्याच्या दोन्ही बाजूंना करवती काठ. त्या काठाचा एकेक दात त्यांनी स्वतः विणला होता. मागावर तीन-तीन धोटे फेकून, डोळे फाडफाडून, दात दाताला लागून सरळ उतरला पाहिजे म्हणून वडिलांच्या शिव्या खाऊन विणला होता. पेठेत लोक नख फिरवून बघायचे आणि म्हणायचे, मनोहरच्या काठाला धार आहे. ती धार आता त्यांना कळत होती. आपलंच काम आपल्या गळ्याला सोसवत नाही, हे आईच्या आणि बायकोच्या लुगड्यापुढे म्हणायचं कसं?

"दोन्हीकडून सारखी," ते म्हणाले.

आणि मग, डोळे मिटून, "पण सोमवारचं मले सांगू नका. मी जाणार नाही."

कौशल्या स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. गॅसवर काहीच नव्हतं, तरी तिने तो पेटवला, मग बंद केला. एवढं करून माणूस नाही म्हणतो, तर आता काय करायचं? आतून गोपिकेचा आवाज येत होता, "मिनल, तुह्या सासूले सांग, त्यायच्या बाजूने शिवताना दाभण जास्त ठोकलं म्हणून दादाले टोचलं असन." गोपिका उत्तराची वाट पाहत बसली, आणि ते आलं नाही तेव्हा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

*

मिनल ताक घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेली. दोघा-तिघांनी मिळून गोधडी त्यांच्या छातीपर्यंत खाली सरकवली होती. त्यांचा गळा लाल झाला होता. आणि कॉलरच्या आत काहीतरी पिवळं दिसत होतं.

मिनलने वाकून पाहिलं. पिवळ्यावर अननस होते.

"बाबा, हा माहा गाऊन होय."

मनोहररावांनी कॉलर घट्ट धरली.

"पोछ्यासाठी काढून ठेवला होता मी. कामवाली मावशी म्हणे गायब झाला. आम्ही मांजरावर आळ घेतला."

"हळू बोल."

"तुम्ही घेतला?"

"दवाखान्यातून आलो तेव्हा दोरीवर होता," ते कुजबुजले. "हात पुसाले ओढला. मिनल, तुले काय सांगू, सगळ्या घरात तेवढंच एक कापड आहे जे मले लागत नाही. लोण्यासारखं आहे. मी त्याची घडी करून कॉलरीत घालतो. कोणाले सांगू नको वं. विणकराच्या गळ्याशी मिलचं कापड."

"आणि ते दवाखान्यात नेता येत नाही म्हणून तुम्ही जात नाही?"

त्यांनी गाऊन कॉलरीत आणखी आत सरकवला. मग म्हणाले, "सुनेचा गाऊन गळ्यात घालून मी त्या खुर्चीवर सगळ्यांपुढे बसू का?"

मिनलला इतकं हसू आलं की ताक सांडलं. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की हा माणूस खरंच एवढ्यासाठी मरायला निघाला होता. तिने भांडं खाली ठेवलं, अननसांचा गाऊन त्यांच्या कॉलरीतून ओढला आणि तो झेंड्यासारखा धरून ती बाहेरच्या खोलीत गेली. मागून मनोहरराव "मिनल! मिनल!" करत राहिले. त्यांना उठता येईना. अंगावर गोधडी होती.

"आई, आत्या, बाबांना हे गळ्याशी पायजे."

दोघींनी पाहिलं.

"हे काय होय?" गोपिका.

"माझा गाऊन."

"सुनेचा गाऊन!" कौशल्या म्हणाली. "सासऱ्याच्या गळ्याशी!"

"मिलचं कापड!" गोपिका म्हणाली.

"आन् त्याच्यावर अननस!"

"पाह्य ना वं वहिनी, आईच्या लुगड्याशेजारी अननस!"

"तेच म्हणते मी, गोपिका, लोकं काय म्हणतील?"

संजीव कमरेला शेक देत बसला होता. त्याच्या हातातली पिशवी तशीच राहिली. आई आणि आत्या थेट एकमेकींशी बोलत होत्या, आणि एकाच सोफ्यावर बसल्या होत्या. हे पाहायला त्याने जवळपास वीस वर्षं वाट पाहिली होती, आणि ते त्याच्या बायकोच्या विरोधात घडत होतं. त्याला कोणाच्या बाजूने बोलावं ते समजेना, म्हणून तो म्हणाला, "अननस तसे बारीक आहेत."

"तू चूप!" दोघी एकदम म्हणाल्या.

तेवढ्यात आतून पलंगाचा मोठा आवाज आला, मग काहीतरी धप्पकन पडलं. सगळे धावले. मनोहरराव पडले नव्हते. गोधडी पडली होती. त्यांनी ती लाथ मारून खाली ढकलली होती आणि ते पलंगाच्या काठावर बसले होते, धापा टाकत. दवाखान्यातून घरी आल्यापासून कोणी न धरता ते पहिल्यांदाच उठून बसले होते.

"कात्री आणा," ते म्हणाले.

कोणी हललं नाही.

"संजीव, कात्री आण."

घरात कात्री एकच, दुधाची पिशवी आणि कोथिंबीर कापायची. संजीवने ती शर्टाला पुसून दिली. मनोहरराव खाली गोधडीपाशी बसले, काठावरून बोट फिरवलं, आणि बोट चटकन मागे घेतलं. ते दोघींना दिसलं.

"हे मले बोचते," ते म्हणाले. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, बहिणीकडेही नाही. "मीच विणलं आन् मलेच बोचते. तुमची काही चूक नाही. माही कातडी आता तशी नाही राहिली."

गोपिका म्हणाली, "दादा, पण कात्री..."

"मागावरून उतरवताना मी लावत होतो ना कात्री? तेव्हा कोणाले रडू आलं?" त्यांनी कात्री काठाच्या आत घातली. कात्रीने कापड चावलं, कापलं नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. कोथिंबिरीचा वास सुटला आणि लुगडं वाकडंतिकडं चिरत गेलं.

"अहो, वाकडं होऊन राहिलं!" कौशल्या ओरडली. तिचे डोळे भरले होते, तरी ती ओरडली. "सरळ धरा. त्या काठालगतच्या फुलाच्या आतून."

"फुलाच्या आतून नाही, बाहेरून," गोपिका गुडघ्यांवर खाली बसली. "आतलं मऊ आहे. आई तिथूनच नेसायची, बसून बसून विरलं आहे ते. वहिनी, तू तिकडून ताण."

कौशल्येने ताणलं. मग तिने कात्री नवऱ्याच्या हातातून घेतली आणि आपल्या लग्नाच्या लुगड्यात स्वतःच घातली. चिरताना तिने ओठ असे दाबले होते, की पाहणाऱ्याला वाटावं तिचंच काही कापलं जातंय. मिनलने दाभणाचे टाके उसवून धोतर, शाल, दुपटी, साडी एकेक बाहेर काढली. शेवटी जमिनीवर उरले ते दोन्ही लुगड्यांच्या पोटातले नेसून नेसून विरलेले तुकडे, आणि गळ्याच्या जागी पिवळा गाऊन. संध्याकाळ होईपर्यंत तिघींनी साध्या सुईने धावदोरा घातला. अननस आत दुमडावेत की बाहेर दिसावेत, यावर थोडं भांडण झालं, पण ते एकमेकींशीच झालं, मध्यस्थाशिवाय.

*

सोमवारी सकाळी नऊलाच रस्ता तापला होता. संजीव गाडी घेऊन खाली उभा राहिला. मनोहरराव जिना उतरले ते गोधडी खांद्यावरून पांघरूनच. संजीव म्हणाला, "बाबा, आत्ता काढा ना, दवाखान्यात घ्या." ते म्हणाले, "राहू दे. सवय होऊ दे सगळ्यांले."

खालच्या मजल्यावरच्या पार्वतीबाई दारात पाणी शिंपत होत्या. त्यांनी भर मे महिन्यात गोधडी आणि गळ्याशी अननस पाहिले.

"काय मनोहरराव, थंडी वाजून राहिली का?"

"हाव ना," मनोहरराव म्हणाले. "तुमच्याकडे पाऊस आला का?"

दवाखान्यात एकाच नातेवाइकाला आत सोडतात, हे ठाऊक असूनही दोघी गाडीत बसल्या, एक इकडून, एक तिकडून. मध्ये मनोहरराव. कौशल्येने त्यांच्या गुडघ्यांवर गोधडी नीट केली, गोपिकेने ती पुन्हा नीट केली. गाडीतला एसी बंद ठेवावा लागला. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत संजीवचा शर्ट पाठीला चिकटला होता.

कौशल्येला अजून धाकधूक होती. आज गेले, ठीक. पण पुढच्या वेळी पुन्हा नाही म्हणाले तर? ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यांच्याकडे पाहिलं तर ते विचार बदलतील असं तिला उगाच वाटत होतं.

चौकात सिग्नल लागला.

"याच्यानंतरचा केव्हा आहे म्हणे?" मनोहररावांनी विचारलं.

तारीख कौशल्येला तोंडपाठ होती. झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने सांगितली असती. पण आत्ता तोंड वळवायची तिला भीती वाटली, ती खिडकीतून सिग्नलचे आकडे मोजत राहिली. गोपिकेने तिच्या वतीने तारीख सांगून टाकली, आणि ती साफ चुकीची सांगितली. मग कौशल्येला बोलावंच लागलं.